फेरफार चारशे अडतीस

बुधीबाय,

तुझ्याशी मी जे पहिलं वाक्य बोललो ते खोटं होतं. म्हणून आज तुला लिहायला बसलो तर पहिल्या वाक्याशीच हात अडला. दोनदा नुसतं 'कै.' लिहून खोडलं. उभ्या नोकरीत अर्जांवर शेरे मारत आलो, पण माणूस गेल्यावर त्याला काय लिहितात ते मला येत नाही. पेपरातल्या चौकटीत येतं तसं तुझं वय, गाव, मागे कोण कोण, एवढं लिहून मोकळं होता आलं असतं. पण तुझं वय तुलाच माहीत नव्हतं. अर्ज लिहिताना विचारलं की म्हणायचीस, "लिव तुज्या मनानं. चाळीस तं चाळीस." मी दर अर्जावर चाळीसच लिहीत गेलो. पंधरा-सोळा वर्षं तू सरकारदरबारी चाळीसची राहिलीस.

तुला 'तू' म्हणतोय. तुझ्या बोलीत अहोजाहो नव्हतंच. कलेक्टर आला असता तरी तू त्याला 'बस रे' म्हणाली असतीस. पहिल्या दिवशी मलाही तू 'दे रे कागद' म्हणालीस आणि ते मला झोंबलं होतं. मी उलट तुला 'तू' म्हटलं ते हिणवायला. आजचा 'तू' तो नाही, एवढं तरी माझं खरं मान.

नोकरीत मी शहापूर आणि मुरबाड, दोन्हीकडे होतो. हे कुठल्या कचेरीत घडलं ते लिहीत नाही आणि तुझ्या माहेरच्या पाड्याचं नावही लिहीत नाही. जे केलं ते मी केलं.

एक्क्याण्णव किंवा ब्याण्णव साल असेल. रेकॉर्ड रूममध्ये माझी बदली होऊन वर्षही झालं नव्हतं. दुपारी मी डबा उघडला होता आणि तू दारात उभी राहिलीस. उंबरमाळीच्या बाजूला तुझं सासर. तिथून पहाटे निघून आली होतीस. डोक्यावरचं करवंदांचं टोपलं खाली ठेवलंस आणि म्हणालीस, "चारशे अडतीस. माज्या बापसाचा कागद हाये. दे रे."

तू सगळं उभ्यानंच सांगितलंस. तुझा बाप वाळकू. ओढ्याच्या खालच्या अंगाला भाताचा तुकडा होता, तो त्यानं जन्मभर कूळ म्हणून कसला. कूळ म्हणून त्याचं नाव सरकारात लागलं, तेव्हाच्या कोतवालानं त्याला त्या नोंदीचा नंबर सांगितला, फेरफार चारशे अडतीस. बापाला अक्षर येत नव्हतं. त्यानं तो नंबर तुम्हा तिन्ही भावंडांकडून पाठ करून घेतला. दोघे भाऊ गेले, तू उरलीस. बाप गेल्यावर मूळ मालकाच्या माणसांनी तुला शेतात उतरू दिलं नाही. तू तलाठ्याकडे गेलीस, त्यानं सातबारा दाखवला, तर त्यावर वाळकूचं नाव कुठेच नव्हतं. तलाठी चांगला माणूस असावा. तो म्हणाला, कधी लागलं असेल तर तालुक्याला जुन्या पुस्तकात सापडेल.

मी डब्यावरून मान वर न करता म्हणालो, "त्या गावचं पुस्तक वाळवीनं खाल्लं."

त्या गावची पुस्तकं तिसऱ्या रॅकच्या सगळ्यात वरच्या फळीवर होती. शिडीची एक पायरी मोडली होती. भात गार होत होता. बुधीबाय, एवढंच कारण होतं. माझ्यावर कुणाचा दबाव नव्हता, कुणाचं मी काही खाल्लं नव्हतं. लोकांना वाटतं अशा गोष्टीमागे मोठा डाव असतो. माझ्या बाबतीत डाळ-भात होता.

तू हलली नाहीस. म्हणालीस, "वाळवी आमच्याकडं पन हाये. ती समदं खात नाय. उरलं आसंल त्ये दाव."

"उरलेलं जाळून टाकलं," मी म्हणालो. पहिल्या खोट्याला लगेच दुसऱ्याचा टेकू लागला.

तू टोपल्यातली ओंजळभर करवंदं दाराच्या उंबऱ्यावर ठेवलीस आणि गेलीस. मला वाटलं विषय संपला. पुढच्या बाजाराला तू पुन्हा दारात.

त्यानंतर तू येतच राहिलीस. कधी दर आठवड्याला, भातलावणीच्या दिवसांत महिना-दोन महिने नाही, मग पुन्हा. व्हरांड्यात खांबाला टेकून बसायचीस. 'सापडलं का?' असं तू कधी विचारलं नाहीस. माझ्याकडे बघायचीस, मी मान हलवायचो, तू तंबाखू मळायचीस. सुरुवातीला मला तुझा राग यायचा. नंतर एखाद्या बाजारी आली नाहीस तर मीच शिपायाला विचारायला लागलो, ती उंबरमाळीची बाई दिसली नाही आज?

त्याच सुमाराला शहरातल्या लोकांना आमच्याकडच्या जमिनी दिसायला लागल्या. फार्महाऊस हा शब्द आमच्या कचेरीत तेव्हाच आला. ठाण्याच्या एका वकिलाचा माणूस जमिनींच्या मागच्या तीस वर्षांच्या नोंदी तपासायला, म्हणजे सर्च घ्यायला यायचा. शर्टाच्या खिशात दोन पेनं, बोलणं गोड. त्यानं गाव सांगितलं की मी शिडीवर चढायचो. मोडक्या पायरीला वळसा घालून चढायचो, धूळ झटकून पुस्तकं खाली आणायचो, त्याला खुर्ची द्यायचो. एकदा मी वर चढलेला असताना तू दारात होतीस. शिडीकडे बघितलंस आणि व्हरांड्यात जाऊन बसलीस. मला वाटलं, हिला काय कळतंय. आता वाटतं, तुला सगळं कळलं असेल तरी तू मला सवलत दिलीस. का दिलीस, हे विचारायचं राहून गेलं.

मग मी तुला शिकवायला लागलो. कदाचित पापाची टोचणी असेल, पण तेव्हा मी त्याला उपकार समजत होतो. तुला आकडे ओळखायला शिकवले. एक ते नऊ तू दोन बाजारांत शिकलीस. पाच आणि सहामध्ये मात्र शेवटपर्यंत घोळ घातलास. सातबाऱ्यावर गोल करून जे आकडे लिहिलेले असतात त्यावर तुझं बोट ठेवून मी सांगितलं, हा एकेक गोल म्हणजे एकेक फेरफार. मालक बदलला, वारस लागले, कूळ लागलं, की तलाठी फेरफाराच्या पुस्तकात लिहितो आणि त्याचा नंबर इथे गोलात टाकतो. नाव कुठल्या फेरफारानं आलं ते बघायचं, मग कुठल्या फेरफारानं गेलं ते बघायचं.

तू विचारलंस, "आन् जायाचा फेरफारच नसंल तं?"

"मग नाव गेलेलंच नाही," मी म्हणालो. "सातबारा दर दहा वर्षांनी नव्यानं उतरवून काढतात. उतरवताना एखादी ओळ राहते. ती लिहिणाऱ्याची चूक. मूळ फेरफार दाखवला की दुरुस्त होते."

"म्हंजी माज्या बापसाचं तसंच झालंय."

"असेल. पण मूळ फेरफार पाहिजे ना."

हे मी तुझ्या तोंडावर म्हणालो, बुधीबाय. ज्या फेरफारावर सगळं अडलंय तो वरच्या फळीवर असेल की नाही हे मी अजून एकदाही चढून बघितलं नव्हतं. खरं सांगायचं तर तोवर माझाच माझ्या वाळवीवर विश्वास बसला होता.

तू मात्र शिकलेलं घेऊन गेलीस ते पाड्यापाड्यांवर वाटलंस. बायका घेऊन यायला लागलीस. एकीचं नवऱ्यामागे नाव लागलं नव्हतं, एकीला भावांनी वारसांतून वगळलं होतं. व्हरांड्यात तू त्यांना सांगायचीस, पहिला तलाठ्याकडनं सातबारा घे, गोलातला आकडा बग, तो आकडा घिऊन हितं ये, अर्जाला तिकीट लाव, आन् भाऊसायेब नाय म्हनाला तरी उठू नको. त्या बायकांची पुस्तकं मी काढून दिली. त्यांतल्या कितीतरी जणींची कामं झाली. तुझ्या शब्दानं झाली. फक्त तुझं नाही.

आणि तू जंगलातलं आणून देत राहिलीस. पावसाच्या तोंडावर शेवळं, नंतर कंटोली, कुड्याच्या शेंगा. शेवळं घशाला खाजतात म्हणून आमच्या सापगावच्या घरी कुणी करत नव्हतं. तू एकदा घरी येऊन माझ्या बायकोला आंबट काकडं घालून ती कशी शिजवायची ते दाखवलंस. चुलीपाशी बसून दोघी हसत होतात. मी ओटीवर पेपर वाचत होतो. ती भाजी मी पुढे दर वर्षी खाल्ली.

शहाण्णव साली नवे साहेब आले. कुणीतरी तुला सांगितलं, तोंडी विचारत बसू नको, लेखी माग म्हणजे लेखी उत्तर मिळेल. तू अर्ज केलास. अर्ज मीच लिहिला. साहेबांनी तो अहवालासाठी माझ्याकडेच पाठवला. तेव्हा तरी मी शिडी लावायला हवी होती. पण चार वर्षं सांगत आलेलं एका दिवसात कसं फिरवायचं? पुस्तक सापडलं तर साहेब विचारतील, इतके दिवस काय करत होता? मी लिहिलं, 'सदर अभिलेख वाळवीग्रस्त होऊन नष्ट झाल्याने उपलब्ध नाही.' खाली सही केली. त्यावरून तुला कचेरीच्या शिक्क्याचा दाखला मिळाला.

तू तो दोन्ही हातांनी घेतलास. म्हणालीस, वाच. मी वाचला. मग विचारलंस, यात माज्या बापसाचं नाव हाये का?

"आहे. अर्जाचा विषय म्हणून आहे."

"कुटं?"

मी बोट ठेवलं. तू माझं बोट बाजूला करून तिथे आपलं बोट ठेवलंस आणि बराच वेळ ठेवून राहिलीस. सरकारी कागदावर वाळकूचं नाव तू पहिल्यांदा बघत होतीस. तुला आनंद झाला. ज्या कागदानं मी तुझ्या बापाचं नाव पुसलं, त्यावर ते लिहिलेलं आहे म्हणून तुला आनंद झाला, आणि मी तो बघत उभा राहिलो.

तोवर तुझ्या बापाचा तुकडा विकला गेला होता. मुंबईच्या कुणी माणसानं घेतला. त्याच्या वकिलानं तलाठ्याकडच्या सातबाऱ्यांवरून घेतलेल्या तीस वर्षांच्या सर्चमध्ये वाळकू कुठे आलाच नाही. येणार कसा, त्याची नोंद त्याच्याही आधीची. कुंपण झालं, बंगला झाला, लॉन झालं. तू तिथे गवत काढायला रोजावर जायला लागलीस. हे तू मला सहज सांगितलंस, आज अमक्याकडे गेले होते म्हणावं तसं. मी तुला म्हणालो, सोड आता तो नाद, बुधीबाय. त्यावरून आपलं भांडण झालं. तसं ते दर वर्षी व्हायचं.

मी म्हणालो होतो, जमीन आता परत मिळायची नाही. बापाचं नाव कागदावर होतं एवढं समाधान मान. हे बोलताना मला मी मोठा समजूतदार वाटलो होतो.

तू तंबाखूची पिंक टाकून म्हणालीस, "नाव घिऊन काय चाटू? माना जमीन पायजे. भात पिकतो तितं."

 

सन दोन हजार दोनला सातबारे कॉम्प्युटरवर घ्यायचं काम आमच्याकडे जोरात सुरू झालं. सगळी रॅकं रिकामी करून पुसून पुन्हा लावायची होती. तिसऱ्या रॅकच्या वरच्या फळीवर मी स्वतः चढलो. तुझ्या माहेरच्या गावाची चार पुस्तकं होती, लाल कापडात बांधलेली. गाठ सोडली. एका पानाला छिद्र नव्हतं. पिवळी पडलेली, पण धडधाकट पानं. मी चारशे तीसपासून पानं उलटत गेलो आणि चारशे अडतीसला थांबलो. निळ्या शाईत, सुबक अक्षरात, कूळ म्हणून वाळकूचं नाव, सर्व्हे नंबर, क्षेत्र, आणि मंजुरीची सही. एका बाजूला डाव्या अंगठ्याचा ठसा. तुझ्या बापाचा अंगठा रुंद होता.

मी शिडीवरच बसून राहिलो. शिपायानं खालून विचारलं, चक्कर आली का? हो म्हणालो.

त्या दिवशी तुला निरोप पाठवता आला असता. त्या वर्षी माझ्या बढतीची फाईल वर गेली होती. माझ्या सहीवर दिलेला दाखला खोटा ठरला तर चौकशी लागणार, आणि खात्यात माझं नाव तसं स्वच्छ होतं. मी ते एक पुस्तक बाकीच्या तिघांतून वेगळं काढलं आणि त्याच रॅकच्या खालच्या फळीवर, रद्द नमुन्यांच्या गठ्ठ्यांमागे सरकवलं. बढती झाली, ताबा रेकॉर्ड रूमचाच राहिला. तू पेढ्याऐवजी मोहाची फुलं घेऊन आलीस.

आता जे लिहायचं आहे त्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलंय.

माहितीच्या अधिकाराचा कायदा आला, त्याच्या पुढच्या वर्षी तू अर्ज घेऊन आलीस. त्यात होतं की मला रेकॉर्ड स्वतः बघायचंय. साहेबांनी दिवस दिला. तू नवं लुगडं नेसून आलीस. इतकी वर्षं ज्या दारात उभी राहायचीस त्याच्या आत तू पहिल्यांदा पाऊल टाकलंस. चपला बाहेर काढल्यास. मी म्हणालो, चालेल, राहू दे पायात. तू ऐकलं नाहीस.

सकाळपासून तू एकेका रॅकसमोर उभी राहून पुस्तकांच्या पाठीवरचे आकडे वाचलेस. बोटानं वाचत होतीस, ओठ हलत होते. पाच की सहा असं अडलं की मला विचारायचीस आणि मी खरं सांगायचो. तिसऱ्या रॅकपाशी आलीस. वरची तीन पुस्तकं मी तुला काढून दिली. तू नंबर लावलेस आणि म्हणालीस, "मदलं एक नाय."

"तेच वाळवीनं गेलं," मी म्हणालो.

तू खाली वाकलीस. खालच्या फळीवरचे गठ्ठे बघितलेस. एका गठ्ठ्यावर हात ठेवून विचारलंस, "यामागं काय हाये?"

"रद्दी आहे."

तू तो गठ्ठा ओढला असतास तर मी काही करू शकलो नसतो. कायदा तुझ्या बाजूला होता. पण तू हात काढून घेतलास. "तू म्हनतो तं रद्दीच," म्हणालीस आणि पुढच्या रॅककडे गेलीस. पाच वाजेपर्यंत राहिलीस. जाताना मला म्हणालीस की दिवसभर तुझा खोळंबा केला.

पहिल्या दिवशी तुझा माझ्यावर विश्वास नव्हता, तेव्हा तू उरलेलं दाव म्हणाली होतीस. चौदा वर्षांनी तो बसला आणि त्यानंच तुझा घात केला.

त्यानंतर दोन वर्षांनी मी ते पुस्तक बाहेर काढलं. लोकांना वाटलं, आणि तुलाही, की मला ते शोधता शोधता सापडलं. तसं नव्हतं. माझी निवृत्ती जवळ आली होती. चार्ज देताना पुस्तकनिहाय यादी होते. नवा माणूस गठ्ठे हलवणार, पुस्तक निघणार आणि ते तिथे कुणी ठेवलं हे विचारलं जाणार. म्हणून मी ते गुपचूप जागेवर ठेवलं, साहेबांना सांगितलं की दुसऱ्या गावाच्या पुस्तकांत मिसळलं होतं, आणि तुझ्या नावाची खरी नक्कल तयार केली. माझ्या सदसद्विवेकानं त्यात काहीच केलं नाही. जे केलं ते भीतीनं.

तू तेव्हा आजारी होऊन लेकीकडे, सोमीकडे, टोकावड्याला होतीस. सोमी तिथे रस्त्यावरच्या एका धाब्यावर भाकऱ्या भाजायची. मी माळशेजकडे जाणारी एसटी धरून आलो. धाब्यामागच्या खोलीत तू खाटेवर होतीस, अर्धी झालेली. मी म्हणालो, "बुधीबाय, चारशे अडतीस सापडला."

सापडला. मराठीत हा शब्द फार सोयीचा आहे. कुणी हरवला ते त्यात येत नाही.

तू नक्कल छातीवर घेतलीस. सोमीला सांगितलंस, ह्या मानसानं माज्या बापसासाठी रेकार्ड उपसलं, ह्याला जेवल्याबिगर सोडू नको. शेजारणी गोळा झाल्या. तू प्रत्येकीला माझी ओळख करून दिलीस. मी जेवलो. हात धुताना वाटलं की आता सांगावं. तू म्हणालीस, "बस घटकाभर," आणि मी शेवटच्या गाडीचं निमित्त करून उठलो. तुझी माझी ती अखेरची भेट होणार नव्हती, पण तुझ्याशी खरं बोलण्याची ती अखेरची संधी होती आणि ते मला तेव्हाही कळत होतं.

सोमीनं वकील गाठून दुरुस्तीचा अर्ज लावला. पहिल्या तारखेला तू तिच्या आधारानं आलीस, मीही तिथे होतो. तारीख पुढे गेली. दुसऱ्या तारखेच्या आठ दिवस आधी तू गेलीस. मला दहाव्याला कळलं. मी आलो, तर ओढ्यावर सोमीनं भावकीतल्या माणसांना माझ्याकडे बोट करून सांगितलं, आयचा कागद यांनी काढला. एका म्हाताऱ्यानं माझ्यापुढे हात जोडले. कावळा लगेच शिवला. मला वाटलं होतं, अडेल.

दुसऱ्या तारखेला बंगलेवाल्याच्या वकिलानं एक कागद काढला. त्यांनीही रेकॉर्डचा शोध घेतला होता. तुझ्याच शहाण्णवच्या अर्जाच्या फाईलमधून त्यांना माझा दाखला मिळाला. कचेरीनंच शिक्क्यानिशी लिहून दिलंय की हे पुस्तक नष्ट झालं. मग आता ते आलं कुठून? नक्कल बनावट आहे, पुस्तकही मागाहून घुसडलेलं आहे. सोमी तो दाखला घेऊन सापगावला माझ्या दारात आली. रागानं नाही आली. म्हणाली, "भाऊसाहेब, तुमचीच सही हाये ना ही? तुमी येऊन सायबांना समजावून सांगा. तुमचं ते ऐकतील."

मी येतो म्हणालो. ती गेल्यावर बायकोला सगळं सांगितलं, बत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच इतकं एका दमात. तिनं सुपातलं निवडणं थांबवलं नाही. म्हणाली, "आधी सोमीला सांगून या. कचेरीत चारचौघांत ऐकायला लागू नये पोरीला."

मी टोकावड्याला गेलो. धाब्यावर गर्दी होती. सोमीनं मला बाकावर बसवलं, मध्ये मध्ये येऊन विचारत होती, काय काम काढलंत? मी म्हणालो, सहज आलो. तिनं वाढलेली भाकरी खाल्ली आणि परत फिरलो.

म्हणून सोमीला ते कचेरीतच ऐकावं लागलं. मी साहेबांसमोर उभा राहिलो आणि सांगितलं की दाखला खोटा आहे, पुस्तक कधीच नष्ट झालं नव्हतं, दाखला देताना मी फळी बघितलीच नव्हती. दोन हजार दोनला पुस्तक मला मिळालं आणि मी ते लपवलं. पाहणीच्या दिवशी अर्जदार बाई खोलीत होत्या तेव्हाही ते तिथेच होतं. लिहिणाऱ्या कारकुनानं मध्येच मान वर केली. त्याला मीच काम शिकवलं होतं. साहेबांनी विचारलं, याचा परिणाम माहीत आहे ना? मी हो म्हणालो. त्यांनी जबाबावर सही घेतली.

माझ्यावर चौकशीची नोटीस आली आहे. ती यायलाच हवी होती. परवा दुरुस्तीचा आदेश झाला. दाखला बाजूला ठेवून साहेबांनी मूळ पुस्तक ग्राह्य धरलं. इतर हक्कांच्या रकान्यात वाळकूचं नाव, वारस म्हणून तू मयत, आणि तुझी वारस सोमी. बंगलेवाला अपील करणार आहे. ते किती वर्षं चालेल सांगता येत नाही. कुंपण आहे तिथेच आहे, आणि भात पिकायचं त्या जागी अजून लॉनच आहे. तुला जमीन पाहिजे होती. ती अजून मिळालेली नाही, हे तुझ्यापासून लपवत नाही.

जबाबाच्या दिवशी मी बाहेर आलो तेव्हा सोमी व्हरांड्यात उभी होती. मला वाटलं ती शिव्या देईल. मी तयार होतो, मला त्या हव्याही होत्या. तिनं विचारलं, "आय आत बघत व्हती, तवा पुस्तक तिच्यापासनं किती लांब व्हतं?"

मी उजवा हात खांद्यापासून पुढे केला आणि बोटं सरळ धरली.

ती माझ्या बोटांकडे बघत राहिली. मग पिशवी उचलून एसटी स्टँडच्या दिशेनं चालायला लागली. तिला हाक मारायचा अधिकार मला उरला नव्हता, बुधीबाय, म्हणून मी मारली नाही.